परदेशी शिकायला निघताना आरोग्यविमा आणि वैद्यकीय तयारी: कोणते काम कोणत्या क्रमाने करावे

माझ्या भाचीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा तिचा आरोग्यविमा आम्ही मुलुंडमध्ये, विमानाचे तिकीट काढले त्याच दिवशी, जेमतेम दहा मिनिटांत उतरवला. एजंटने सांगितलेली विमा रक्कम मोठी होती, हप्ता परवडणारा होता आणि फाईलमध्ये लावायला एक कागद मिळाला, एवढ्यावर आम्ही समाधान मानले. ऑगस्टमध्ये ती तिथे पोहोचली आणि विद्यापीठाने ती पॉलिसी नामंजूर केली, कारण तिच्यात खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची भेट अशा प्रत्येक बाबीला वेगवेगळी मर्यादा होती आणि मानसिक आजारांवरील उपचार सरसकट वगळलेले होते. विद्यापीठाच्या स्वतःच्या विम्याची रक्कम फीच्या बिलात आपोआप लागली, आणि मुंबईत भरलेला हप्ता पॉलिसी सुरू होऊन गेल्यामुळे परत मिळाला नाही. ती पॉलिसी आजारपणात कशी चालेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. त्यानंतर नात्यातल्या आणि आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच मुलामुलींची ही कामे मी त्यांच्याबरोबर बसून मार्गी लावली. त्यातून जो क्रम हाताशी आला, तो इथे सविस्तर मांडते.

आधी विद्यापीठाला विचारावे, मग एजंटला

प्रवेशपत्र हाती पडल्यावर पहिले काम म्हणजे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल लिहिणे. विमा सक्तीचा आहे का, विद्यापीठाचाच घ्यावा लागतो की बाहेरचा चालतो, बाहेरचा चालत असल्यास त्याचे निकष कोणते आणि सूट मागण्याच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे सर्व त्यात स्पष्ट विचारावे. उत्तर लेखीच घ्यावे, कारण पुढे वाद झाला तर फोनवरचे बोलणे उपयोगी पडत नाही.

त्याच ईमेलमध्ये विम्याचे संरक्षण नेमके कोणत्या तारखेला सुरू होते, हेही विचारावे. बहुतेक मुले वर्ग सुरू होण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी पोहोचतात, घर शोधतात, सामान उचलतात, नवीन रस्त्यांवर सायकल चालवतात, आणि विद्यापीठाचा विमा मात्र सत्राच्या पहिल्या दिवशी सुरू होतो. मधल्या दिवसांसाठी मुंबईहून निघतानाच अल्प मुदतीचा प्रवासविमा घ्यावा. त्याचा खर्च फारसा नसतो.

देशागणिक व्यवस्था

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला वेगळा विमा शोधावा लागत नाही. व्हिसाच्या अर्जासोबत इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी त्याचा दर वर्षाला ७७६ पौंड आहे. एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमानंतरचे चार महिने धरून सव्वा वर्षाहून अधिक काळाचा असतो, त्यामुळे दीड वर्षाचा आकार, म्हणजे १,१६४ पौंड, एकरकमी भरावा लागतो. शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडताना ही रक्कम अनेकांच्या नजरेतून सुटते आणि ऐन वेळी धावपळ होते. व्हिसा नाकारला गेला तर ती परत मिळते. एकदा ती भरली की तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे, म्हणजे एनएचएसचे, दार उघडते. पण राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरच्या जागी असलेल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवल्याशिवाय त्या सेवेचा नीट लाभ घेता येत नाही. नोंदणी विनामूल्य आहे. इंग्लंडमध्ये लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते द्यावे लागत नाहीत. दातांच्या उपचारांना वेगळे पैसे पडतात. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना व्हिसापूर्वी क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. अशी केंद्रे मुंबईत आहेत, छातीचा एक्स-रे तिथेच काढतात आणि मिळणारे प्रमाणपत्र सहा महिने चालते. घराजवळच्या पॅथॉलॉजीत आधीच काढलेला एक्स-रे त्यासाठी ग्राह्य धरत नाहीत.

जर्मनीची पद्धत निराळी आहे आणि तिथल्या एका चुकीची किंमत मोठी आहे. काळाघोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात भाषा शिकून निघालेली मुले पुष्कळदा व्हिसासाठी एखादी स्वस्त खासगी पॉलिसी काढतात आणि तीच पुढे चालवू असे म्हणतात. विद्यापीठात नाव दाखल करताना मात्र विम्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यासाठी सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर असतो. टीके, एओके, बार्मर यांसारख्या संस्थांकडून तो मिळतो आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा धरून महिन्याला १४० ते १५० युरोंच्या आसपास पडतो. खासगी विमा निवडून या सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती शिक्षण चालू असेपर्यंत मागे घेता येत नाही. पहिल्या वर्षी वाचलेले पैसे दुसऱ्या वर्षी एखादा आजार निघाला की सव्याज जातात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की विमान उतरल्यापासून नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांपुरता प्रवासविमा घ्यावा आणि पुढे सार्वजनिक विमाच घ्यावा. तिशी ओलांडलेल्यांना आणि केवळ भाषेच्या वर्गासाठी जाणाऱ्यांना हा विद्यार्थी दर मिळत नाही. त्यांनी खासगी पॉलिसी जास्तच बारकाईने वाचावी.

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी ओएसएचसी नावाचा विमा आधी घ्यावाच लागतो आणि तो व्हिसाच्या संपूर्ण काळाचा असावा लागतो, केवळ अभ्यासक्रमाचा नव्हे. दहा महिने किंवा त्याहून मोठा अभ्यासक्रम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपत असेल, तर व्हिसा साधारणपणे पुढच्या १५ मार्चपर्यंत दिला जातो. विमाही तिथपर्यंत हवा. आधीपासूनच्या शारीरिक आजारांसाठी त्यात १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. डॉक्टरची फी विम्याने ठरवलेल्या दरापेक्षा अधिक असेल तर वरचा फरक विद्यार्थ्याने भरायचा असतो, म्हणून वेळ घेताना ‘बल्क बिलिंग’ किंवा थेट विम्याकडे बिल पाठवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

कॅनडात प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा आहे. ब्रिटिश कोलंबियात प्रांताच्या योजनेत नाव घालता येते आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला महिन्याला ७५ डॉलर भरावे लागतात, पण पोहोचल्याचा महिना आणि त्यापुढचे दोन महिने उलटल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही. ऑन्टॅरिओत प्रांताची योजना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना लागू नाही; तिथल्या विद्यापीठांचा यूएचआयपी नावाचा विमा असतो. अल्बर्टात १२ महिने किंवा अधिक मुदतीच्या परवान्यावर आलेल्या विद्यार्थ्याला प्रांताच्या योजनेत स्थान मिळते. आयर्लंडमध्ये किमान २५,००० युरोंचे संरक्षण देणारा खासगी विमा दाखवावा लागतो. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर सरकारी सामाजिक सुरक्षेत विनामूल्य नोंदणी करता येते. ती योजना डॉक्टरांच्या ठरलेल्या फीपैकी साधारण ७० टक्के परत देते, आणि उरलेल्यासाठी ‘म्युच्युएल’ नावाचा पूरक विमा घेता येतो.

अमेरिका: इथे थांबून वाचावे

अमेरिकेबद्दल अधिक लिहायला हवे, कारण घोटाळेही तिथेच अधिक होतात. एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला केंद्रीय कायद्याने विमा सक्तीचा केलेला नाही. सक्ती असते ती विद्यापीठाची. जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी मात्र नियमच आहे: प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलर, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, मृतदेह परत आणण्यासाठी २५,००० डॉलर, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरपेक्षा जास्त नको.

विद्यापीठाचा विमा महाग वाटतो. अनेक ठिकाणी तो वर्षाला दोन ते चार हजार डॉलरच्या घरात जातो, आणि भारतातली पॉलिसी त्याच्या एका अंशात मिळते. तरीही दोहोंची तुलना हप्त्यावरून करू नये. ती चार शब्दांवरून करावी. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीने पैसे द्यायला सुरुवात करण्यापूर्वी आपण भरायची रक्कम. कोपे म्हणजे प्रत्येक भेटीला द्यायची ठरावीक रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे डिडक्टिबलनंतरच्या बिलात आपला टक्केवारीतला वाटा. आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याची सीमा. हा चौथा आकडा सर्वांत मोलाचा आहे आणि भारतीय विद्यार्थी पॉलिसीत बहुधा तोच नसतो.

एक हिशेब करून पाहू. समजा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे मान्य बिल ३०,००० डॉलर झाले. विद्यापीठाच्या विम्यात डिडक्टिबल ५०० डॉलर, कोइन्शुरन्स २० टक्के आणि वार्षिक सीमा ३,००० डॉलर असेल, तर ५०० डॉलर आणि उरलेल्या २९,५०० चे २० टक्के म्हणजे ५,९०० मिळून ६,४०० होतात, पण सीमेमुळे विद्यार्थ्याला ३,००० च भरावे लागतात. आता दुसरी पॉलिसी घ्या: तिची विमा रक्कम अडीच लाख डॉलर आहे, पण शस्त्रक्रियेला ८,००० आणि खोलीभाडे व इतर खर्चाला मिळून ७,००० अशा उपमर्यादा आहेत. कंपनी १५,००० देऊन मोकळी होते आणि उरलेले १५,००० डॉलर विद्यार्थ्याच्या अंगावर येतात. अडीच लाखांचा आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. उपमर्यादांचा तक्ता आत कुठेतरी असतो. आधी तो तक्ता शोधावा.

आणखी एक फरक पडतो तो कायद्याच्या संरक्षणाचा. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत ‘नो सर्प्रायझेस ॲक्ट’ लागू आहे. तातडीच्या वेळी नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, रुग्णालयात नेले गेले तरी रुग्णाकडून नेटवर्कच्या दरानेच वाटा घ्यावा, असे तो कायदा सांगतो. विद्यापीठांच्या नियमित विद्यार्थी विम्याला हे संरक्षण मिळते. प्रवासविम्याला मिळत नाही. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या कायद्यातून वगळलेली आहे, त्यामुळे तिचे बिल वेगळे येऊ शकते.

मुंबईतून पॉलिसी घ्यायचीच असेल तर

विद्यापीठ बाहेरचा विमा मान्य करत असेल, तर त्यांच्या निकषांचा कागद एका बाजूला आणि पॉलिसीचे संपूर्ण शब्दांकन दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीने ताडून पाहावे. माहितीपत्रकावर विसंबू नये. आधीपासूनचे आजार, मानसिक आजार, खेळताना झालेली दुखापत आणि मद्यप्राशनानंतरचा अपघात यांविषयी काय लिहिले आहे ते खास वाचावे. खर्च कॅशलेस होतो की आधी आपण भरून मग परतावा मागायचा, हेही पाहावे, कारण विद्यार्थ्याच्या क्रेडिट कार्डाला रुग्णालयाचे बिल पेलत नाही. घरी गंभीर प्रसंग ओढवून शिक्षण अर्धवट सोडावे लागल्यास फी परत मिळणे, किंवा मूल रुग्णालयात असताना आईवडिलांपैकी एकाच्या प्रवासाचा खर्च मिळणे, ही भारतीय पॉलिसींची खरोखर उपयोगाची कलमे आहेत. म्हणूनच विद्यापीठाचा विमा घेतलेल्यांनीही त्यांचा विचार करावा.

प्रस्तावाच्या अर्जात काहीही लपवू नये. ‘लहानपणी बालदमा होता, आता काही नाही’ असे म्हणून तो रकाना कोरा सोडणारे पालक मला वारंवार भेटतात. तिथल्या थंडीत दमा पुन्हा उसळला आणि रुग्णालयाच्या कागदावर ‘वयाच्या सहाव्या वर्षापासून’ असे नमूद झाले, तर दावा फेटाळायला कंपनीला तेवढे एक वाक्य पुरते.

निघण्याच्या तीन महिने आधीपासून घरची तयारी

लसींचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाची लसीकरणाची फाईल आम्ही शोधली, तेव्हा ती माळ्यावरच्या ट्रंकेत साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली सापडली. कार्डाच्या घड्या फाटल्या होत्या, शाई फिकी झाली होती आणि ‘गोवर’ या एका शब्दापुढे निळा शिक्का होता, पण तारीख वाचता येत नव्हती. लस देणारे डॉक्टर दवाखाना बंद करून गेले होते. विद्यापीठाला गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआर लसीच्या दोन मात्रा तारखांसकट हव्या होत्या. त्या काळी सरकारी लसीकरणात केवळ गोवराची लस मिळत असे, त्यामुळे पुष्कळ मुलांच्या कार्डावर एमएमआर सापडतच नाही.

अशा वेळी दोन मार्ग असतात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल जोडता येतो, किंवा लस नव्याने घेता येते. एमएमआरच्या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते. क्षयरोगाची चाचणीही मागितली असेल, तर ती एमएमआरच्या दिवशीच किंवा त्याआधी करावी, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावे. आपल्याकडे जन्मानंतर बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून केलेली त्वचेची चाचणी उगाचच होकारार्थी येऊ शकते. विद्यापीठ चालवून घेत असेल तर रक्ताची इग्रा चाचणी बरी. हे सर्व दिवस मोजले की तीन महिने आधी का सुरू करायचे ते कळते. कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला आणि मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस हीही नावे विद्यापीठाच्या फॉर्मवर बहुधा असतात. फॉर्म डॉक्टरांकडून भरून, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह घ्यावा.

दात आणि डोळे ही कामे मुंबईतच उरकावीत, कारण बहुतेक विद्यार्थी विम्यांत ती नसतात किंवा नावापुरती असतात. अक्कलदाढ अधूनमधून दुखत असेल तर एक्स-रे काढून निर्णय घ्यावा, अर्धवट राहिलेले रूट कॅनाल पूर्ण करावे, आणि निघण्यापूर्वी किमान महिनाभर मोकळा ठेवावा, म्हणजे कॅप बसवायला घाई होत नाही. चष्म्याची एक जोडी जास्तीची घ्यावी आणि नंबरचा कागद फोनमध्ये ठेवावा.

औषधांच्या बाबतीत फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्यावे. त्यात आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि किती दिवसांचा साठा बरोबर आहे हे लिहिलेले असावे. आपण ब्रँडच्या नावाने औषध ओळखतो. तिथे क्रोसिन म्हटले तर कोणाला कळणार नाही. ते पॅरासिटामॉल आहे, आणि अमेरिका-कॅनडात त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. हे ठाऊक नसल्यामुळे एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतले जाण्याचा धोका असतो आणि त्याचा भार थेट यकृतावर पडतो. घरात सर्रास असणारे निमेसुलाइड अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त नाही; ते नेऊच नये. वैयक्तिक वापरासाठी अमेरिकेत साधारण ९० दिवसांचा, ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांचा साठा नेता येतो. झोपेच्या, चिंतेवरच्या किंवा कोडीन-ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांवर मात्र वेगळी बंधने असतात, आणि ती त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय बॅगेत घालू नयेत. औषधे मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. प्रतिजैविके ‘असू द्यावीत’ म्हणून देण्याची आपली सवय मोडावी. घशाला थोडे दुखले की तीन गोळ्या घेऊन थांबणाऱ्या मुलाचा आजार पुढे कोणत्याच डॉक्टरला नीट कळत नाही.

पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

बँकेचे खाते आणि सिमकार्ड यांच्या बरोबरीने डॉक्टरकडची नोंदणी करावी. ब्रिटनमध्ये जीपी, जर्मनीत विमा संस्थेचे कार्ड आणि घराजवळचा हाऊसआर्ट्स्ट (फॅमिली डॉक्टर), अमेरिकेत विद्यापीठाचे हेल्थ सेंटर, अशी ही पहिली भेट बरे असतानाच झाली पाहिजे. ब्रिटनमध्ये पंचविशीच्या आतल्या, नव्याने विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याने मेंदूज्वराची लस घेतली नसेल, तर जीपीकडे ती विनामूल्य मिळते.

विम्याच्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून एक प्रत मुंबईला पाठवावी. अमेरिकन कार्डावर सदस्य क्रमांक, गट क्रमांक आणि औषधांच्या दुकानाला लागणारे काही आकडे असतात. मागच्या बाजूला चोवीस तासांच्या फोनचा क्रमांक असतो. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर घराच्या पत्त्यावरून नेटवर्कमधले सर्वांत जवळचे अर्जंट केअर, म्हणजे तातडीच्या पण साध्या तक्रारींचा दवाखाना, आणि रुग्णालय शोधावे, आणि एखाद्या रविवारी तिथवर चालत जाऊन यावे. तापाने फणफणलेल्या अवस्थेत पत्ता शोधण्याची वेळ येऊ नये.

आजारी पडल्यावर कुठे जावे

मुंबईत आपण नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो, आणि जास्त वाटले तर केईएम किंवा सायनला जाऊन केसपेपर काढतो. परदेशात चुकीच्या दारात गेले तर पैसे आणि तास दोन्ही वाया जातात. साधा ताप, खोकला, पोट बिघडणे, पुरळ यांसाठी हेल्थ सेंटर किंवा जीपी. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, जीव धोक्यात नसताना, ब्रिटनमध्ये १११ आणि जर्मनीत ११६११७ या क्रमांकांवर फोन करावा. अमेरिकेत अर्जंट केअरला जावे, जिथे टाके घालणे, एक्स-रे आणि साध्या तपासण्या होतात. छातीत दुखणे, श्वास अडकणे, बेशुद्धी, भरपूर रक्तस्राव, मान ताठरून तापासह वेदना, अशी लक्षणे असतील तर मात्र पैशांचा विचार बाजूला ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवावी: अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनी-फ्रान्स-आयर्लंडमध्ये ११२, ऑस्ट्रेलियात ०००. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागाला, पैसे असोत-नसोत, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिलाच्या भीतीने खोलीत पडून राहणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

भारतीय पॉलिसी असेल तर दाखल होण्यापूर्वी, आणि ते शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा.

बिल आल्यावर

अमेरिकेत उपचारानंतर काही आठवड्यांनी विमा कंपनीकडून एक कागद येतो. त्यावर रुग्णालयाने लावलेली रक्कम, मान्य रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि तुमचा वाटा असे रकाने असतात, आणि ‘हे बिल नाही’ असे इंग्रजीत ठळक छापलेले असते. ईओबी म्हणतात तो हाच. तो पाहून घाबरून पैसे भरू नयेत. रुग्णालयाचे स्वतंत्र बिल येऊ द्यावे, दोन्हींतली ‘तुमचा वाटा’ ही रक्कम जुळवावी आणि जुळत नसेल तर बाबवार बिल मागावे. एकाच तपासणीचे दोनदा लागलेले पैसे तिथे दिसून येतात. रक्कम खरोखरच झेपत नसेल, तर ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठीचा अर्ज मागून घ्यावा, आणि व्याजाशिवाय हप्ते मिळतील का हेही विचारावे. बिल दुर्लक्षित ठेवणे हा मात्र मार्ग नव्हे, कारण ते वसुली कंपनीकडे गेले की प्रकरण चिघळते.

भारतीय कंपनीकडे परतावा मागताना डिस्चार्जचा सारांश, बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्या देशात प्रवेश केल्याची नोंद लागते. कागद तिथून निघण्यापूर्वीच गोळा करावेत. दावा अन्यायाने फेटाळला गेला असे वाटले, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभरात आलेच नाही, तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर जाता येते, आणि विमा लोकपालाकडेही विनाशुल्क दाद मागता येते. मुंबईतले लोकपालाचे कार्यालय सांताक्रूझला आहे. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तिथे तक्रार दाखल व्हायला हवी.

मन आणि घरचे

पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडू लागला, पहिल्या परीक्षेत गुण कमी आले आणि घरी व्हिडिओ कॉलवर ‘सगळं छान आहे’ म्हणावे लागले, की पुष्कळ मुले आतून खचतात. विद्यापीठांत समुपदेशन बहुधा विनामूल्य असते आणि तिथे बोललेले गोपनीय राहते, हे निघण्यापूर्वी आईवडिलांनीच मुलाला सांगावे, म्हणजे तिथे जायला त्याला त्यांची परवानगी मिळाल्यासारखे वाटते. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ हे मदत क्रमांक फोनमध्ये आधीच असावेत. मुंबईत काळजीने झोप उडालेल्या पालकांसाठीही टेली-मानस हा १४४१६ क्रमांक आहे.

पालकांना न पटणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली, की अमेरिकेत रुग्णालय आईलासुद्धा प्रकृतीची माहिती मुलाच्या संमतीशिवाय सहसा देत नाही. आमच्या परिचयातल्या एका आईने रात्री दोन वाजता फोन लावला, चाळीस मिनिटे ताटकळल्या आणि शेवटी ‘आम्ही काहीही सांगू शकत नाही’ एवढेच ऐकले. मुलगा त्याच इमारतीत भूल उतरण्याची वाट पाहत होता. यावर उपाय साधा आहे. हेल्थ सेंटरमध्ये नाव नोंदवतानाच माहिती देण्याच्या संमतीचा फॉर्म मागावा आणि त्यावर घरच्या एका माणसाचे नाव, नाते आणि फोन लिहावा. शिवाय तिथल्या एका विश्वासू मित्राकडे विम्याच्या कार्डाची प्रत, औषधांची व ॲलर्जीची यादी आणि घरचा फोन ठेवावा. मुलाने किती सांगायचे आणि किती नाही, हे मात्र त्याच्याशी बसून ठरवावे, त्याच्यावर लादू नये.

शिक्षण संपताना

पदवी मिळाली की अमेरिकेत विद्यापीठाचा विमा ठरलेल्या तारखेला संपतो, आणि ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी शोधणारी मुले कित्येक महिने विम्याशिवाय राहतात. संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीच नोंदवावी, विद्यापीठ मुदतवाढ देते का ते विचारावे आणि नोकरीचा विमा लागू होईपर्यंतची पोकळी भरून काढावी.

इकडे घरच्या फॅमिली फ्लोटरमधून, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र आरोग्य पॉलिसीतून, मुलाचे नाव ‘आता तो तिकडेच आहे’ म्हणून काढू नये. त्या पॉलिसीत परदेशातला खर्च सहसा मिळत नाही हे खरे, परंतु आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि पाच वर्षांनंतर दावा सहजी नाकारता न येण्याचे संरक्षण, ही दोन्ही सलगतेवर मिळतात. नाव काढले की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला डेंग्यू झाला, तर मुंबईच्या रुग्णालयात तीच पॉलिसी उपयोगी पडते. फ्लोटरमध्ये मुलांसाठी वयाची मर्यादा असते, बहुधा २५ वर्षांची. त्या वर्षीच्या नूतनीकरणापूर्वीच, जमलेली सलगता न गमावता, मुलाच्या नावे स्वतंत्र पॉलिसी करून देण्याची लेखी मागणी कंपनीकडे करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.